टाकीतलं शेवाळ : किती असू द्यावं?

अधारताल, हनुमानताल अशा तलावांच्या जबलपुरात शेवाळ नवं नाही. घरच्या फिशटँकमध्येही थोडं हिरवं शेवाळ हिताचंच : माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आणि नायट्रेट ते शोषतं, दिवसा ऑक्सिजन सोडतं. मॉली मासा ते आवडीनं खुडतो. रात्री मात्र शेवाळच ऑक्सिजन वापरतं. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि कोमट पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो. पाणी हिरवंगार असेल तर पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात. नव्या टाकीतला तपकिरी थर डायटमचा, निरुपद्रवी. निळसर-हिरवा, बुळबुळीत, कुबट वासाचा पापुद्रा सायनोबॅक्टेरियाचा. तो लगेच काढा. हिरवं शेवाळ समोरच्या काचेवरून पुसा, मागच्या काचेवरचं राहू द्या. दिवा रोज ६ ते ८ तास पुरे.