बुलेट, आमराई आणि अंशराशीकरण

नोकरीच्या काळात मनात राहून गेलेल्या हौशी निवृत्तीच्या उंबरठ्यावर पुन्हा डोके वर काढतात. कोणाला चांगला कॅमेरा हवा असतो, कोणाला सपत्नीक दूरचा प्रवास घडावा असे वाटते, तर कोणाचे मन बुलेट मोटारसायकलवर जडलेले असते. या हौशींना नाके मुरडण्याचे कारण नाही. बँकेचा अधिकारी या नात्याने आम्हास प्रश्न पडतो तो एवढाच, की त्या कोणत्या पैशातून पुरवाव्यात?

लखनौजवळचे मलिहाबाद दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. येथील अनेक बागायतदार फळ हाती येण्यापूर्वीच बाग ठेकेदाराकडे सोपवतात, काही करार तर एकाहून अधिक हंगामांचे असतात. कोकणात हापूसच्या बागा कराराने देतात, तसाच हा व्यवहार. रक्कम आज एकदम मिळते. मात्र कराराच्या हंगामात झाडाला लगडलेला आंबा मालकाचा नसतो. निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण, ज्याला कार्यालयात सर्वजण 'कम्युटेशन' म्हणतात, ते याहून फारसे निराळे नाही.

१ जानेवारी २००४ पूर्वी सेवेत रुजू झालेल्या व जुन्या निवृत्तिवेतन योजनेत असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्यास मूळ निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. साठाव्या वर्षी निवृत्त होताना (म्हणजे पुढील वाढदिवशी वय ६१) गुणकांक ८.१९४ असतो. समजा, मोटारसायकलसाठी म्हणून दरमहा २,५०० रुपयांचा भाग विकला. २,५०० गुणिले १२ गुणिले ८.१९४, म्हणजे २,४५,८२० रुपये हाती येतील. कपात मात्र १५ वर्षे चालते. १८० महिन्यांत एकूण ४,५०,००० रुपये वळते होतात. हिशेब मांडून पाहिल्यास हे वार्षिक सुमारे ९ टक्के व्याजाचे कर्जच ठरते. 'सरकारकडून मिळालेला पैसा' समजून तो सहज खर्च केला जातो, हीच यातील गोम.

तथापि हे कर्ज वाईट आहे, असेही नव्हे. केंद्रीय कर्मचाऱ्यास ही रक्कम करमुक्त मिळते. महागाई सवलत कपातीपूर्वीच्या मूळ निवृत्तिवेतनावरच मोजली जाते. निवृत्तिवेतनधारकाचा मध्येच मृत्यू झाला, तर उरलेली वसुली कुटुंबाकडून होत नाही आणि कुटुंब निवृत्तिवेतनातही त्यापोटी घट होत नाही. घराचे छत किंवा मुलीचे शिक्षण यांसाठी आम्ही हा मार्ग नि:संकोच सुचवू.

मोटारसायकलच्या बाबतीत अडचण आहे ती कालावधीची. कपात पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत चालणार. बुलेट ३५० चे वजन सुमारे १९५ किलो! सत्तरीत ती मधल्या स्टँडवर चढविताना गुडघे काय म्हणतील, याचा विचार आधीच केलेला बरा. वाहन चालविण्याचा परवानाही पंचावन्न वर्षांनंतर एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतो व वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. हौस आठ-दहा वर्षांची आणि हप्ता पंधरा वर्षांचा, हे गणित जुळत नाही.

त्याऐवजी निवृत्तीला पाच वर्षे असतानाच आवर्ती ठेव सुरू करावी. दरमहा ४,००० रुपये भरल्यास मुद्दलच २,४०,००० होते, व्याज निराळे. पगार चालू असताना भरलेला हा हप्ता निवृत्तीच्या दिवशी संपतो, हा त्याचा मोठा गुण. ज्यांची ही वेळ निघून गेली आहे, त्यांनी उपदान व रजेच्या रोखीकरणातून घरखर्चाची तजवीज प्रथम करावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली असून तिचे व्याज दर तिमाहीस मिळते. ती तजवीज झाल्यावर उरेल त्यातून हौस.

खरेदीच करावयाची तर इंजिनाच्या क्षमतेकडेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, तर त्यावरील गाड्यांवर ४० टक्के आहे. आमच्या मते साठीच्या स्वाराला ३५० सीसी पुरेसे आहेत. तरुण सहकारी मात्र हे मान्य करीत नाहीत.

अंशराशीकरणाचा अर्ज निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत केल्यास वैद्यकीय तपासणी लागत नाही. वय वाढल्यास गुणकांक किंचित घटतो, हे खरे. तरीही केवळ वाहनासाठी अर्ज करावयाचा असेल तर निर्णय काही महिने लांबविण्यास हरकत नाही. तेवढ्या काळात एखाद्या मित्राची बुलेट मागून घ्यावी आणि एक पावसाळा चालवून पाहावी.