टर्बो टायमर विकावा का, बसवावा का? होटगीच्या रस्त्यावरचा हिशोब



गाडीच्या धंद्यावर व्हिडिओ केला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, टर्बो टायमर बसवला तर टर्बोचं आयुष्य खरंच वाढतं का?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींनी कर्ज काढून पिकअप घेतलेली असते आणि टर्बो गेला तर हप्ता कसा भरायचा ही धास्ती असते. बाकीच्यांना ॲक्सेसरीजचं दुकान काढायचं असतं, "हे आयटम ठेवू का?" असं त्यांना विचारायचं असतं. आज दोघांनाही एकदमच उत्तर देतो. व्हिडिओत घाईघाईत सांगितलेलं इथे आकड्यांसकट, सावकाश वाचा.

उदाहरण आपल्या जवळचंच घेऊ, होटगीचं. सोलापुरापासून साधारण १५ किलोमीटर. रेल्वेचं जंक्शन, इथून एक लाइन वाडीकडे जाते आणि एक विजयपूरकडे. अल्ट्राटेकचा सिमेंट कारखाना आहे, जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे. म्हणजे ट्रक, टेम्पो, पिकअप, स्टाफच्या गाड्या यांची ये-जा दिवसभर चालू. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, रस्त्याकडेला धूळ. टर्बोची परीक्षा बघायची तर यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आधी टर्बो म्हणजे काय ते समजून घ्या

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूकी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. बहुतेक टर्बोंमध्ये त्याला बॉल बेअरिंग नसतं. इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तो अक्षरशः तरंगत असतो. डिझेल गाडी जोरात पळताना टर्बोत शिरणारा धूर सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलमध्ये त्याहून जास्त. या सगळ्यात दांड्याला वाचवणारी वस्तू एकच, वाहतं ऑइल.

आता समजा तुम्ही विजयपूर हायवेवरून भरलेली गाडी शंभरच्या वेगाने आणली, ढाब्यासमोर वळवली आणि लगेच चावी फिरवली. इंजिन बंद म्हणजे ऑइल पंप बंद. टर्बो मात्र अजून तापलेलाच आहे. आतलं थोडं ऑइल जागच्या जागी करपतं आणि तव्यावर जळलेल्या तेलासारखा काळा थर धरतो. हे रोज झालं की थर वाढतो, ऑइलची वाट अरुंद होते, बेअरिंग घासतं. मग शिट्टीसारखा आवाज, निळा धूर आणि शेवटी गॅरेज. नवा टर्बो गाडीनुसार वीस-पंचवीस हजारांपासून पुढे. छोट्या धंदेवाल्याच्या दोन-तीन हप्त्यांचे पैसे एका झटक्यात जातात.

टायमर नेमकं काय करतो?

तुम्ही चावी काढून उतरता, पण टायमर इंजिन आणखी एक-दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू ठेवतो आणि मग आपोआप बंद करतो. तेवढ्या वेळात ऑइल फिरत राहतं, धुराचं तापमान खाली येतं, टर्बो निवतो.

ही वस्तू जपानमध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांत लोकप्रिय झाली. तेव्हा अनेक टर्बो फक्त ऑइलवर थंड व्हायचे, साधं मिनरल ऑइल लवकर करपायचं आणि वेगाच्या शौकिनांच्या गाड्या भट्टीसारख्या तापायच्या. त्या काळात, त्या गाड्यांना टायमरचा उपयोग होता. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पण मग काळ बदलला. बहुतेक पेट्रोल टर्बोंना आता पाण्याची लाइन असते. इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर आणि थंड पाणी खाली असं आपोआप फिरत राहतं, काही गाड्यांत तर त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप असतो. ऑइल सिंथेटिक झालं, ते सहजासहजी करपत नाही. आणि सगळ्यात मोठा पुरावा तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आजच्या कितीतरी टर्बो गाड्या सिग्नलला स्वतःहून इंजिन बंद करतात. बंद केल्याने टर्बो मरत असता तर कंपनीने ती सोय दिली असती का?

डिझेलवाल्यांनी मात्र लगेच निश्चिंत होऊ नये. बऱ्याच डिझेल टर्बोंना पाण्याची लाइन नसते, ते आजही ऑइलवरच थंड होतात. त्यामुळे जोरात पळवल्यावर थोडं थांबण्याचा नियम त्यांना लागू आहेच. प्रश्न इतकाच, त्यासाठी यंत्र विकत घ्यायचं की सवय लावायची?

होटगीच्या ड्रायव्हरला मिनिट फुकट मिळतं

हायवे सोडून गावाच्या रस्त्याला लागलात की वेग आपोआप उतरतो. खड्डे, स्पीडब्रेकर, म्हशी, बाजाराची गर्दी. शेवटचे एक-दोन किलोमीटर तुम्ही तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून येता. म्हणजे टर्बो येतानाच निवत येतो. अशा वेळी दारात पोहोचल्यावर पुन्हा दोन मिनिटं इंजिन घुरघुरत ठेवायची काहीच गरज नाही.

थांबायचं कधी? तीन वेळा:

१. हायवेवरून थेट ढाब्यावर, टोलजवळ किंवा पंपावर वळलात तेव्हा.
२. भरलेली गाडी चढ चढून वर आली आणि लगेच थांबवली तेव्हा.
३. मागे ट्रॉली किंवा जास्त वजन ओढून आलात तेव्हा.

या तिन्ही वेळी ३० सेकंद ते एक मिनिट आयडल पुरतं. पावती काढा, मोबाइल बघा, पाण्याची बाटली उचला, वेळ निघून जातो. अनेक टर्बो गाड्यांच्या माहितीपुस्तिकेतही हेच लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडून असते.

आणि एक सवय आजच्या आज सोडा. बंद करण्याआधी "घुर्र" करून रेस द्यायची आणि चावी फिरवायची, ही आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांची जुनी लकब. यात टर्बो वेगात फिरवून त्याच क्षणी त्याचं ऑइल तोडलं जातं. जेवणारा घास तोंडात असताना ताट ओढून घेण्यातला प्रकार. सकाळीही तसंच. स्टार्ट केल्या केल्या रेस देऊ नका, ऑइल वर टर्बोपर्यंत पोहोचायला काही सेकंद द्या. सकाळच्या या वेळी टायमर तुम्हाला काडीचीही मदत करत नाही.

आता पैशाचा हिशोब

समजा टायमर आणि फिटिंग मिळून ३,५०० रुपये. तुमची पिकअप दिवसाला ८ वेळा थांबते आणि टायमर दर वेळी २ मिनिटं इंजिन चालू ठेवतो. झाली १६ मिनिटं. आयडलवर तासाला पाऊण लिटरच्या आतबाहेर डिझेल जातं, आपण ०.७ लिटर धरू. रोजचं साधारण १९० मिलिलिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर रोजचे १७ रुपये. वर्षाचे ३०० दिवस गाडी चालली तर ५,१०० रुपये. पहिल्या वर्षाचा खर्च ८,६०० रुपये, पुढे दर वर्षी पाच हजार चालूच.

आता हाताने करा. दिवसातून दोनदाच खरी गरज पडते, एक-एक मिनिट. रोजचे दोन रुपये, वर्षाचे सहाशे-साडेसहाशे. उरलेल्या पैशात वेळेवर ऑइल बदल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर होतो. टर्बो खरा वाचतो तो इथे.

होटगीसारख्या भागात एअर फिल्टरला तर मी पहिला नंबर देईन. सिमेंटची, मातीची, हंगामात उसाच्या वाहतुकीची धूळ. फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसलेला असेल तर ही धूळ दीड लाखाच्या वेगाने फिरणाऱ्या पंख्यावर आदळते आणि त्याच्या कडा पॉलिश पेपरसारख्या झिजवते. हवेचा पाइप कुठे सैल असेल तर गळती भरून काढायला टर्बोला आणखी जोरात फिरावं लागतं. घाण ऑइल, कमी ऑइल, धूळ आणि गळती, टर्बोचे हे चार वैरी. टायमर यातल्या एकाशीही लढत नाही.

कायदा आणि धोका

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ बघा. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर सीटवर लायसन्सधारक ड्रायव्हर हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला किंवा गाडी चुकून हलणार नाही अशी व्यवस्था केलेली हवी. टायमरच्या भरवशावर इंजिन चालू ठेवून बाजारात निघून गेलात आणि काही झालं, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

शिवाय उतारावर गाडी गिअरमध्ये उभी करायची आपली सवय. टायमर चालू असताना गाडी न्यूट्रलला ठेवावी लागते, भिस्त फक्त हँडब्रेकवर. इग्निशनची वायर कापून जोडणी केली तर वॉरंटीवरून शोरूमवाल्याशी वाद होऊ शकतो. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. जास्त आयडलिंगने तो उलट लवकर भरतो. टर्बो वाचवायला गेलात आणि डीपीएफचा दिवा लागला, तर नफा कुठे राहिला?

दुकान काढणाऱ्यांसाठी

आता दुसऱ्या गटाकडे येतो. तुम्ही म्हणाल, "सर, गिऱ्हाईक स्वतः मागतंय, मी का नको म्हणू?" बरोबर आहे, तुमचं दुकान चाललं पाहिजे. पण काउंटरवर कोणतीही वस्तू ठेवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

१. ही अडचण माझ्या गिऱ्हाइकाला खरंच आहे का?
२. तीच अडचण फुकटात किंवा स्वस्तात सुटते का?
३. सहा महिन्यांनी ते गिऱ्हाईक परत आलं तर मला धन्यवाद देईल की शिव्या?

पहिली टाटा एस, आपला छोटा हत्ती, २००५ साली आली तेव्हा तिच्या इंजिनाला टर्बोच नव्हता. आजही तसा जुना हत्ती घेऊन कुणी आला आणि तुम्ही त्याला टायमर विकलात तर? गिऱ्हाइकाच्या गाडीत टर्बो आहे की नाही, असला तर पाण्याची लाइन आहे की नाही, हे न बघता माल विकणं म्हणजे चष्म्याचा नंबर न तपासता चष्मा देणं. होटगीसारख्या गावात अशी बातमी चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत पोहोचते.

त्याऐवजी "टर्बो तपासणी" विका. एअर फिल्टर, ऑइलची पातळी आणि रंग, हवेचे पाइप आणि क्लॅम्प, ऑइल लाइनची गळती, टर्बोचा आवाज. चांगला मेकॅनिक हाताशी असेल तर अर्ध्या तासाचं काम. दर तीन महिन्यांनी, एका वेळचे २५० रुपये धरू. एका गाडीमागे वर्षाला १,००० रुपये. आसपासच्या ६० गाड्या बांधल्या तर ६०,००० रुपये, फिल्टर-ऑइलची विक्री वेगळी. टायमर विकून एकदाच सात-आठशे सुटतील आणि ते गिऱ्हाईक परत यायचं कारण उरणार नाही. तपासणीवालं गिऱ्हाईक वर्षातून चार वेळा तुमच्या दारात येतं.

टायमर ठेवायचाच नाही असं मी म्हणत नाही. जुनी, फक्त ऑइलवर थंड होणारी, ताकद वाढवून घेतलेली गाडी आणि सतत जोरात पळवणारा शौकीन मालक असेल, तर त्याला धोके समजावून ऑर्डरवर मागवून द्या. स्टॉकमध्ये पैसा अडकवू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

गाडीवाल्यांनो, उद्या सकाळी बॉनेट उघडा आणि एअर फिल्टर बाहेर काढून उजेडाकडे धरून बघा. मागचं ऑइल किती किलोमीटरला बदललं ते वहीत लिहा. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात असेल तर त्याला "रेस देऊन बंद करायचं नाही, हायवेवरून आलास की एक मिनिट थांबायचं" एवढी दोन वाक्यं शिकवा.

दुकानवाल्यांनो, तुमच्या काउंटरवरच्या दहा वस्तू घ्या आणि प्रत्येकीला वरचे तीन प्रश्न लावा. किती पास झाल्या, किती नापास, ते खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच काही वस्तूंचा हिशोब मांडू.

भेटूया. धंदा जपून करा, गाडी सांभाळून चालवा.