हळद, बीट, गोकर्ण : घरच्या रंगांचे रसायन

सोलकढीचा गुलाबी रंग कोकमातून येतो, खिचडीचा पिवळा हळदीतून. पण वाढदिवसाच्या केकला किंवा मोदकाच्या उकडीला रंग द्यायचा असला, की हात बाजारातल्या छोट्या बाटलीकडे जातो.

भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४आर हे रंग वापरल्यास मुलांच्या वागण्यावर व एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना वेष्टनावर छापणे युरोपीय संघाने २०१० पासून बंधनकारक केले. बेकायदा रंगांचा धोका याहून मोठा. कापड रंगवण्याचे ऱ्होडामाइन-बी आढळल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी घातली. निदान घरच्या पदार्थांपुरता हा प्रश्न स्वयंपाकघरातच सुटू शकतो. त्यासाठी प्रत्येक रंगाचा स्वभाव ओळखायला हवा.

लाल-गुलाबी : बीट किसून पिळले, की बीटालेन गटातील रंगद्रव्य रसात उतरते. लिंबाचे दोन-तीन थेंब टाकल्यास ते अधिक टिकते. मात्र उष्णता त्याला सोसत नाही. म्हणून हा रस श्रीखंड, आइस्क्रीम, केकवरचे क्रीम यांत खुलतो. भट्टीत भाजलेल्या केकमध्ये तो तपकिरी पडतो.

पिवळा : हळदीतील करक्युमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. त्यामुळे हळद चमचाभर कोमट तुपात कालवून घातली, तर रंग एकसारखा पसरतो. सोड्याशी मात्र तिचे जमत नाही. अल्कली मिळताच करक्युमिन लालसर होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, ते याच गुणामुळे. केकमध्ये सोडा जास्त पडला, तर पिवळ्याऐवजी विटकरी छटा येते. श्रीखंडासारख्या पदार्थाला दुधात भिजवलेले केशर बरे, कारण त्याचा रंग पाण्यात सहज उतरतो.

हिरवा : पालकाची पाने उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, वाटून गाळून घ्यावीत. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. आंबट पदार्थात किंवा फार वेळ शिजवल्यास ते निघून जाते आणि हिरव्याचा शेवाळी रंग होतो. म्हणून पालकाच्या रंगात लिंबू किंवा ताक घालू नये.

निळा-जांभळा : गोकर्णाची दहा-बारा निळी फुले कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवली, की गडद निळा अर्क मिळतो. त्यातील अँथोसायनिन आम्लाप्रमाणे रंग बदलते. लिंबू पिळताच निळ्याचे जांभळे होते. त्यामुळे निळा रंग हवा असेल, तर आंबट काही घालू नये. जांभळ्या कोबीचा अर्कही असाच वागतो.

काळजी कोणती?

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असे नाही. कण्हेर, धोतरा ही फुले विषारी आहेत. ओळख पक्की नसलेले फूल वापरू नये. गोकर्णाच्या फक्त पाकळ्या घ्याव्यात, बिया नकोत. फुलबाजारातल्या किंवा कीटकनाशक फवारलेल्या फुलांना स्वयंपाकघरात जागा नको. सुट्या हळद पुडीत चमकदार पिवळ्या रंगासाठी शिशाचे संयुग मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. त्यापेक्षा हळकुंडे आणून दळलेली बरी. बीट आणि पालकात ऑक्झॅलेट भरपूर असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी त्यांचा वापर बेताने करावा. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी लालसर होते. त्याने घाबरू नये.

या रंगांत परिरक्षक नसतात. फ्रिजमध्ये ते दोन-तीन दिवसांत संपवावेत किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून लागेल तसा एकेक खडा काढावा. बाटलीतल्या रंगाइतकी भडक छटा मिळणार नाही. ती आणण्यासाठी रस ओतत राहिल्यास पदार्थ पातळ होतो आणि बिटाची मातकट चव वर येते. म्हणून आधी चमचाभर मिश्रणावर रंग करून पाहावा, केक किंवा मोदक असल्यास तेवढाच भाग भाजून वा उकडून बघावा आणि मगच उरलेल्या पिठात रंग घालावा.