खरकट्यातून पसरणारा ताप

लिस्बन विमानतळाच्या आसपासचे डुक्करपालक विमानांतून उतरणारं उरलंसुरलं जेवण आपल्या डुकरांना घालत. फुकटचं खाणं, त्यात गैर ते काय? 1957 साली याच खरकट्यातून आफ्रिकेतला एक विषाणू त्या खुराड्यांत पोहोचला आणि डुकरं पटापट मेली. ती साथ आवरली, पण 1960 मध्ये रोग परत आला आणि पोर्तुगाल-स्पेनमध्ये तीन दशकांहून जास्त काळ ठाण मांडून बसला.

हा आफ्रिकन स्वाइन फीव्हर. 2009 मध्ये पुण्याला धास्तावून सोडणाऱ्या स्वाइन फ्लूशी याचा काही संबंध नाही. हा माणसाला होत नाही. 1921 साली माँटगोमेरी या पशुवैद्यकानं केनियातल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या डुकरांत त्याची पहिली नोंद केली. तिथल्या वॉर्टहॉग या रानडुकरांच्या अंगात हा विषाणू असतो, पण त्यांना आजारी पाडत नाही. त्यांच्या बिळांतल्या गोचिडी तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतात. कीटक-गोचिडींच्या अंगात वाढून प्राण्यांत पसरणारे बाकीचे सगळे ज्ञात विषाणू आरएनएचे. डीएनए असलेला हा एकटाच. शरीरात शिरलेले जंतू गिळून टाकणाऱ्या ज्या पेशी, नेमक्या त्यांच्यातच तो वाढतो. पाळीव डुकराला सडकून ताप येतो, ते खाणं सोडतं, कान-पोटाची कातडी जांभळी पडते आणि बहुतेकदा आठ-दहा दिवसांत खेळ आटोपतो.

मेल्यावर मात्र विषाणूचा प्रवास थांबत नाही. खारवलेल्या, वाळवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने तग धरतो, गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षं. खरकटं 90 अंशांवर तासभर ढवळत तापवलं तर तो मरतो. म्हणून ‘उकळूनच घाला’ असा नियम काही देशांत आहे. पण परसात दोन डुकरं बांधणाऱ्यानं त्यांच्या जेवणासाठी रोज सरपण जाळावं, ही अपेक्षा कागदावरच बरी दिसते.

बाल्टिक देश आणि पोलंडमधल्या रानडुकरांत हा रोग वर्षाला साधारण दहा-पंधरा किलोमीटर या वेगानं सरकला. लांबच्या उड्या त्यानं मारल्या त्या माणसाच्या जिवावर. 2007 मध्ये तो काळ्या समुद्रावरच्या जॉर्जियातल्या पोती बंदराच्या परिसरात उतरला, बहुधा जहाजावरच्या खरकट्यातून. 2018 च्या ऑगस्टमध्ये तो थेट चीनच्या शेनयांगमध्ये उगवला. जगातली जवळजवळ निम्मी डुकरं तेव्हा चीनमध्ये होती. डेन्मार्कनं 2019 मध्ये जर्मनीच्या सीमेवर 70 किलोमीटरचं कुंपण घातलं. त्यानं रानडुक्कर अडेल, पण ट्रकचालकाच्या डब्यातलं सॉसेज कोण अडवणार?

2020 मध्ये हा रोग अरुणाचल आणि आसामात दिसला. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं निदान पक्कं केलं, तेव्हा देश टाळेबंदीत होता. ब्रह्मपुत्रेतून मेलेली डुकरं वाहत जाताना लोकांनी पाहिली. काझीरंगात रानडुकरांनी गावाकडे फिरकू नये म्हणून आगराटोली भागात दोन किलोमीटरचा, सहा फूट खोल चर खणला गेला. आसामातच पिग्मी हॉग हे जगातलं सर्वांत लहान रानडुक्कर जेमतेम टिकून आहे. त्याच्यात ही साथ शिरली तर काय, ही चिंता वेगळीच. 2021 मध्ये मिझोराममध्ये तीस हजारांहून जास्त डुकरं मेली, 2022 च्या जुलैत केरळच्या वायनाडमध्ये साथ उघड झाली. 2019 च्या पशुगणनेत देशात 90.6 लाख डुकरं होती, त्यातली सुमारे 21 लाख एकट्या आसामात. ईशान्येतल्या घरात डुक्कर म्हणजे लग्नाकार्याचं जेवण आणि अडीनडीला मोडायची पुंजी.

भरवशाची लस का नाही? साठीच्या दशकात पोर्तुगालनं सौम्य केलेल्या जिवंत विषाणूची लस टोचून पाहिली. पण तिच्यामुळे झिजत जगणारी, विषाणू बाळगणारी जनावरं मागं उरली. व्हिएतनामनं 2022 मध्ये जनुक काढून टाकलेल्या विषाणूची लस वापरात आणली. काही प्रांतांत टोचलेली डुकरं मेल्यावर ती थांबवली आणि 2023 मध्ये पुन्हा परवानगी दिली. चीनमध्ये तोवर विषाणूच्या दोन प्रकारांची सरमिसळ झालेला नवा वाण सापडला होता. लसीतला विषाणूही असा मिसळू शकतो. जिवंत लसीबाबत म्हणूनच शास्त्रज्ञ बिचकतात, आणि मला ते बिचकणं रास्त वाटतं.

स्पेननं लसीशिवायच निभावलं. 1985 पासून फिरती पशुवैद्यक पथकं, गावोगाव रक्ततपासणी, विषाणू बाळगणाऱ्या डुकरांचा शोध, खुराड्यांची सुधारणा आणि मारलेल्या जनावराची भरपाई असं सगळं चाललं. 1995 मध्ये देश रोगमुक्त ठरला. यात प्रयोगशाळेइतकंच महत्त्व भरपाईचं होतं असं माझं मत. संसर्गानंतर लक्षणं दिसायला 4 ते 19 दिवस लागू शकतात. एका डुकरानं खाणं सोडलं की मालक बाकीची धडधाकट दिसणारी डुकरं मिळेल त्या भावानं विकून मोकळा होतो. त्याचं गणित चुकीचं नाही, पण बाजारात रोग पोहोचतो तो असाच.

भारतात साथ आढळलेल्या जागेभोवती एक किलोमीटर बाधित क्षेत्र ठरतं, तिथली सगळी डुकरं मारतात, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. मारलेल्या डुकराचे पैसे मिळतात, रोगानं मेलेल्याचे मिळत नाहीत. लोकांनी लवकर कळवावं हा यामागचा हेतू. पण दोन-तीन डुकरं पाळणाऱ्या घराला रोग आल्याची पहिली खबर बहुधा मेलेलं डुक्करच देतं.