अँपियर आणि मिलिअँपियर : तीन शून्यांचा फरक, जिवाशी गाठ

सुताचा काउंट, कापडाचा मीटर, लाकडाचा घनफूट या मापांत आमचे कारागीर बांधव सहसा फसत नाहीत. मात्र ज्या विजेवर कारखाना चालतो तिचे माप आपण वायरमनवर सोडून मोकळे होतो. वास्तविक हा हिशोब सोपा आहे.

तारेतून वाहणाऱ्या करंटचे माप म्हणजे अँपियर. फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपियर (१७७५-१८३६) यांच्यावरून हे नाव पडले. जसे एका किलोचे १००० ग्रॅम, तसे एका अँपियरचे १००० मिलिअँपियर. मिलिअँपियरला हजाराने भागले की अँपियर मिळतात.

इस्त्री, शेगडी यांच्यावर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० व्होल्टने भागावे. १००० वॅटची इस्त्री सुमारे ४.३५ अँपियर घेते. शिलाईच्या दुकानात ६ अँपियरच्या एकाच प्लगवर अशा दोन इस्त्र्या लावल्या तर ८.७ अँपियर होतात. प्लग तापतो आणि आगीचा धोका उभा राहतो. लूमच्या थ्री-फेज मोटारीला मात्र हा भागाकार लावू नये. तिच्या पाटीवरचेच अँपियर पाहावेत.

आता महत्त्वाची गोष्ट. बोर्डावर ३२ अँपियरचा एमसीबी आहे, शॉक लागला तर तो पडेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ३२ अँपियर म्हणजे ३२,००० मिलिअँपियर! माणसाचा हात सुमारे १० मिलिअँपियरलाच तारेला चिकटू शकतो आणि ५० च्या आसपास हृदय बंद पडण्याची भीती असते. एमसीबी तारेचे रक्षण करतो; माणसासाठी आरसीसीबी लागतो.

तो घेताना ३० मिलिअँपियरचा, म्हणजे ०.०३ अँपियरचा मागावा. ३०० चाही मिळतो, पण तो आगीपासून बचावासाठी असतो, शॉकसाठी त्याचा भरवसा धरू नये. महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून पाहावे. अर्थिंगही चांगले ठेवावे. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

कारखान्यात राबणाऱ्या माणसाचा जीव ही मालकाकडे अमानत आहे. आज दुकान उघडल्यावर आधी बोर्डावरचे आकडे वाचावेत, एवढीच आमची विनंती.