भाडे घ्यायचे की सोडायचे?

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात कोल्हापूरहून मामेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. मी ऑफिसमधून येऊन बिशान स्टेशनबाहेर पडत होतो. "दुसरी गाडी घ्यायचं चाललंय. सहा लाखांचं जमंल काय तुला?" असे फोन आपल्यापैकी बहुतेकांना येतात. कुणाला प्लॉटसाठी, कुणाला द्राक्षबागेसाठी. माझ्या वाट्याला ट्रक आला.

दादाची एक दहाचाकी आहे. बहुतेक वेळा तोच चालवतो, जोडीला एक पगारी ड्रायव्हर. अशा गाडीला मालासकट २५ टनांची मर्यादा होती, ती २०१८ साली केंद्र सरकारने २८.५ टन केली. गाडीचे स्वतःचे वजन वजा जाता साधारण १८ टन माल बसतो. जास्त भरणारेही आहेत, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे, त्यामुळे दादा त्या वाटेला जात नाही.

पैसे देण्याआधी मी त्याच्या वहीचे फोटो मागवले. त्याला ते आवडले नसावे, पण पाठवले. रात्री मुले झोपल्यावर तीन महिन्यांच्या खेपा संगणकावर मांडल्या आणि प्रत्येक भाड्याला किलोमीटरने भागले. उरणजवळच्या गोदामापर्यंत ३६० किलोमीटर, भाडे २७,०००. म्हणजे किलोमीटरला ७५ रुपये. बंगळूर ६१० किलोमीटर, भाडे ३४,२००, म्हणजे ५६. मी फोन करून ऐटीत सांगितले, "दादा, उरणची भाडी वाढव."

तो हसला. "इंजिनिअरसाहेब, गाडी परत कोण आणणार?"

इथे तुआसला जाणारा टॅक्सीवाला अंकल परतीच्या गिऱ्हाइकाची काळजी करतो, तसेच हे. उरणहून कोल्हापूरकडचा माल दादाला क्वचितच मिळतो. मग त्याच्याकडून एकेक खर्च समजून घेतला. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते. डिझेल, टायरची झीज, ऑइल, दुरुस्ती धरून किलोमीटरला २८ रुपये, रिकामी असताना २१. उरणला जाताना १०,०८०, रिकामे येताना ७,५६०. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर आणि पुढे द्रुतगती मार्ग, असा दोन्ही वेळचा टोल ५,२००. भत्ता आणि किरकोळ १,५००. उरले २,६६० रुपये.

पण खरा खर्च पुढेच आहे. हप्ता ४५,०००, विमा-कर-परमिट महिन्याला १०,०००, ड्रायव्हरचा पगार २०,०००. गाडी उभी असो वा पळो, महिना ७५,००० जातात. पंचवीस दिवसांनी भागले तर रोज ३,०००. उरणला गोदामासमोर रांगेत दीड-दोन दिवस जातात आणि खेप चार दिवसांची होते. म्हणजे १२,००० खर्चाच्या दिवसांत २,६६० मिळवले. तोटा ९,३४०!

बंगळूरचे उलट. परतीला २६,१०० चे भाडे मिळते. दोन्हींचे मिळून ६०,३००. भरल्या गाडीने १,२२० किलोमीटरचे ३४,१६०, टोल ७,०००, भत्ता वगैरे २,२००. उरले १६,९४०, चार दिवसांचे १२,००० काढले तरी ४,९४० हातात राहतात. (पाचवा दिवस लागला तर त्यातले ३,००० गेले.) हमाली मालकाने द्यायची की गाडीवाल्याने, हे भांडण वेगळेच. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही मागणी आपल्याकडचे लॉरीवाले वर्षानुवर्षे करत आहेत.

तर हिशेब लोड होण्यापासून पुन्हा लोड होण्यापर्यंतचा करायचा, आणि भागायचे दिवसांनी. मला हे नवे होते, दादाला नव्हते. त्याला गाडीच्या मागे उभ्या उभ्या हे तोंडपाठ असते. मग माझी झोप उडवणारा प्रश्न असा, की सगळे कळत असताना त्या तीन महिन्यांत उरणच्या सात खेपा कशा?

उत्तर वहिनींनी दिले. "भाऊजी, हप्ता दहा तारखेला असतो." उरणचा व्यापारी गाडी भरताच नव्वद टक्के रोख अॅडव्हान्स देतो. बंगळूरची पार्टी डिझेलपुरते देते आणि उरलेले पोच हातात आल्यावर महिन्याने. एका पार्टीकडे तर दादाचे ६२,००० चार महिने अडकले होते. म्हणजे दहा तारीख जवळ आली की तोट्याचे भाडेही गोड लागते! वहिनींनी आणखी एक सांगितले, जे दादा मला कधीच बोलला नव्हता. जूनमध्ये हप्त्यासाठी ड्रायव्हरविना सलग दोन रात्री गाडी चालवताना खंबाटकी घाटात त्याचा डोळा लागला. गाडी कठड्याला घासून थांबली. तेव्हापासून रक्तदाबाची गोळी चालू आहे.

करामुळेही ही वही कोणी तपासत नाही. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्याला, बारा टनांवरच्या गाडीच्या एकूण वजनाच्या दर टनाला महिना १,००० रुपये उत्पन्न धरून कर भरता येतो. दादाचे झाले २८,५००. सोय चांगली आहे, पण खरे किती मिळाले हे पाहायची सक्ती राहत नाही.

सहा लाख मी दिले नाहीत. दुसरी गाडी म्हणजे दुसरा हप्ता, आणि दहा तारखेला दोन्ही गाड्या उरणला. त्याऐवजी दीड लाख दिले, दोन महिन्यांच्या बांधील खर्चाइतके, वेगळ्या खात्यात. त्यातून फक्त हप्ता, विमा आणि पगार द्यायचा. पार्टीचे पैसे आले की भरून टाकायचे. वहिनींच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत. दादा दोन आठवडे माझ्याशी नीट बोलला नाही. मामींनीही "परदेशात राहून हात आखडता" असे काहीसे ऐकवले. असो.

सहा महिन्यांनी पुन्हा वही मागवली. उरणच्या खेपा दोनच, त्याही परतीचा माल आधी ठरवून. खाते दोनदा निम्म्यावर आले आणि दोन्ही वेळा भरले. महिन्यात गाडी पूर्वीपेक्षा कमी किलोमीटर पळाली, याचे मला पहिल्यांदा वाईट वाटले होते.

परवा फोन केला तर दादा हरिहरला ढाब्यावर खाटेवर पडला होता. सकाळपासून दोन भाडी नाकारली म्हणाला. "उद्या हळदीचं मिळंल सांगलीचं. न्हाई तर परवा. तू झोप जा, तुझ्याकडं रात्र झाली असंल."