टिकाऊ स्नोब्लोअरची निवड व खरेदी : उत्तर अमेरिकेतील हिमप्रदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना :

अमेरिकेचा ईशान्य भाग, महासरोवरांचा परिसर आणि कॅनडातील ओंटारिओ व क्वेबेक हे प्रांत जगातील प्रमुख हिमवृष्टीच्या प्रदेशांत मोडतात. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बोस्टन शहरात सुमारे २८१ सेंटिमीटर बर्फ पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलो शहरालगतच्या ऑर्चर्ड पार्क येथे एकाच वादळात सुमारे दोन मीटर बर्फ साचला. या प्रदेशात घरासमोरील बर्फ काढणे ही प्रत्येक कुटुंबाची नित्याची जबाबदारी असते. अनेक नगरांत ती कायद्यानेही बंधनकारक आहे. उदाहरणार्थ, बोस्टनमध्ये हिमवृष्टी थांबल्यापासून तीन तासांच्या आत घरमालकाने पदपथ मोकळा करावा, असा नियम आहे.

फावड्याने बर्फ उपसणे हे वरकरणी साधे काम वाटते. तथापि थंडीमुळे आकुंचित झालेल्या रक्तवाहिन्या आणि अचानक पडणारे शारीरिक श्रम यांचा एकत्रित ताण हृदयावर येतो. २०१७ साली कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वेबेकमधील अभ्यासात मोठ्या हिमवृष्टीच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे व त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे आढळून आले. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयधमनीविकाराचा धोका मुळातच अधिक असतो. टोरांटो, शिकागो, डेट्रॉइट, बोस्टन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने म्हणूनच हा विषय केवळ सोयीचा राहत नाही. पुण्यात वा नागपुरात वाढलेल्या व्यक्तीने हे यंत्र लहानपणी पाहिलेलेही नसते. त्यामुळे पहिली खरेदी बहुधा पहिल्या मोठ्या हिमवृष्टीनंतर, घाईत व जाहिरातीवर विसंबून केली जाते. ही खरेदी विचारपूर्वक कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) स्नोब्लोअरचे प्रकार व त्यांची कार्यपद्धती समजून घेणे.
२) यंत्राचा टिकाऊपणा कोणत्या घटकांवर अवलंबून असतो, ते स्पष्ट करणे.
३) खरेदीच्या विविध ठिकाणांची तुलना करणे.
४) सुरक्षितता व देखभाल यांचे महत्त्व विशद करणे.

यंत्राचा उगम व प्रकार :

क्वेबेकमधील आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली व्यवहारात उपयोगी पडणारे पहिले स्नोब्लोअर तयार केले. ते रस्त्यांसाठी असलेले, वाहनावर बसविलेले मोठे यंत्र होते. घरगुती वापराची, हाताने चालविता येणारी यंत्रे १९५० च्या दशकापासून बाजारात आली. विस्कॉन्सिनमधील ॲरियन्स कंपनीने १९६० मध्ये आपले पहिले स्नोब्लोअर बाजारात आणले. आज या यंत्रांचे मुख्यतः पुढील प्रकार आढळतात.

एकटप्पी यंत्रात ऑगर हा एकच फिरता भाग असतो. तोच बर्फ ओढतो व तोच धुराड्यासारख्या च्यूटमधून बाहेर फेकतो. ऑगरच्या रबरी कडा जमिनीला घासत असल्याने डांबरी वा काँक्रीटचा पृष्ठभाग स्वच्छ निघतो. मात्र खडीच्या रस्त्यावर हे यंत्र वापरू नये, कारण बर्फाबरोबर खडेही वेगाने फेकले जातात. साधारण २० सेंटिमीटरपर्यंतच्या बर्फासाठी हा प्रकार पुरेसा ठरतो.

दुटप्पी यंत्रात पोलादी ऑगर बर्फ मध्यभागी ओढतो आणि त्यामागे वेगाने फिरणारा इंपेलर तो दूर फेकतो. ऑगर जमिनीपासून किंचित वर राहतो व चाकांना इंजिनाची गती मिळते. खोल बर्फ, चढ आणि खडीचा रस्ता यांसाठी हाच प्रकार योग्य होय. तिटप्पी यंत्रात बर्फ आत ढकलणारा आणखी एक फिरता भाग जोडलेला असतो.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांत तारेची व बॅटरीची अशी दोन रूपे आहेत. बॅटरीच्या यंत्रांत कार्ब्युरेटर, तेल व स्पार्क प्लग नसल्याने देखभाल कमी लागते. परंतु थंडीत बॅटरीची क्षमता घटते व काही वर्षांनी नवी बॅटरी घेण्याचा खर्च येतो. कॅलिफोर्नियाने २०२४ च्या मॉडेल वर्षापासून अशा लहान इंजिनांच्या नव्या उत्पादनावर शून्य उत्सर्जनाची अट घातली आहे. त्यामुळे पुढील काळात बॅटरीच्या यंत्रांचा विचार ग्राहकाला अधिकाधिक करावा लागेल.

गरजेचे मोजमाप :

यंत्र निवडण्यापूर्वी किती बर्फ हलवावयाचा आहे, याचा हिशेब करणे आवश्यक आहे. घरासमोरील वाहनमार्ग १५ मीटर लांब व ५ मीटर रुंद आहे असे मानू. त्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडल्यास एकूण १५ घनमीटर बर्फ होतो. कोरड्या ताज्या बर्फाचे वजन घनमीटरला सुमारे १०० किलोग्रॅम धरल्यास हे ओझे १,५०० किलोग्रॅम भरते. हाच बर्फ ओला असून त्याचे वजन घनमीटरला ३०० किलोग्रॅम असल्यास ओझे ४,५०० किलोग्रॅम होते. याशिवाय नगरपालिकेचे नांगरयंत्र रस्ता साफ करताना वाहनमार्गाच्या तोंडाशी घट्ट, बर्फाळ बांध रचून जाते. यंत्राची खरी परीक्षा या बांधाशी होते. जेथे असे बांध वारंवार पडतात तेथे दुटप्पी यंत्र घेणे इष्ट ठरते. सुमारे ६१ सेंटिमीटर रुंदीचे व २०० घनसेंटिमीटरच्या आसपास क्षमतेचे इंजिन असलेले यंत्र मध्यम घरास पुरते. रुंदी वाढवून इंजिन लहान ठेवलेले यंत्र ओल्या बर्फात गुदमरते. म्हणून या दोन आकड्यांचा विचार एकत्रच करावा.

टिकाऊपणाचे निकष :

टिकाऊ यंत्र ओळखण्यासाठी रंग, दिवे वा तापणारे हँडल यांपेक्षा पुढील भाग पाहणे अगत्याचे आहे.

१) ऑगरचा गिअरबॉक्स : दुटप्पी यंत्रातील हा सर्वांत महागडा भागांपैकी एक होय. त्याचे कवच ओतीव लोखंडाचे वा भक्कम ॲल्युमिनियमचे आहे का व तो दुरुस्तीसाठी उघडता येतो का, हे विचारावे.

२) शिअर पिन : ऑगरमध्ये दगड वा गोठलेले वर्तमानपत्र अडकल्यास ही मऊ धातूची पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. थोडक्यात, स्वतः मोडून इतरांना वाचविणे हेच तिचे कार्य होय. तिच्या जागी साधा कठीण बोल्ट बसविल्यास काही पैशांची बचत होते, परंतु गिअरबॉक्स फुटण्याची शक्यता निर्माण होते. तसेच ऑगर व त्याचा दांडा यांच्यामध्ये दरवर्षी ग्रीस न भरल्यास ते गंजून एकजीव होतात. मग पिन तुटली तरी ऑगर सुटा फिरत नाही व संरक्षण नाममात्र उरते.

३) पत्रा व झिजणारे भाग : ऑगरभोवतीच्या पेटीचा पत्रा जाड असावा. खालची खरवडपट्टी व दोन्ही बाजूंच्या घसरपट्ट्या झिजण्यासाठीच असतात. त्या बोल्टने बदलता येण्याजोग्या असाव्यात.

४) इंजिन व सुटे भाग : उत्तम इंजिनाचेही आयुष्य सुट्या भागांच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. अनेक कंपन्यांच्या स्नोब्लोअरना इंजिन पुरविणाऱ्या टेकमसे या नावाची इंजिननिर्मिती २००८ च्या अखेरीस बंद झाली. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या जुन्या कंपनीने २०२० मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पुढे नव्या मालकीखाली तिचे काम सुरू राहिले. यावरून केवळ नावावर न विसंबता पट्टे, कार्ब्युरेटर व पिना स्थानिक दुकानात मिळतात का, याची चौकशी करणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट होते.

खरेदी कोठे करावी :

खरेदीचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे दुरुस्तीची सोय असलेला अधिकृत विक्रेता. येथे किंमत कदाचित थोडी अधिक पडते. परंतु यंत्र जोडून, तेल भरून, चालवून दिले जाते आणि वॉरंटीचे काम तेथेच होते. ऐन हिवाळ्यात दुरुस्तीच्या रांगेत बरेच विक्रेते आपल्या ग्राहकांना प्राधान्य देतात, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

दुसरा मार्ग होम डेपो, लोज यांसारख्या भांडारांचा वा इंटरनेटवरील खरेदीचा आहे. येथे सवलती मिळतात व परत करण्याची सोय असते. मात्र दुरुस्ती कोण करणार, हे खरेदीपूर्वीच लेखी स्वरूपात जाणून घ्यावे. अनेकदा यंत्र खोक्यात येते व जोडणी ग्राहकालाच करावी लागते. एकाच कंपनीची स्वस्त व महाग अशा दोन्ही श्रेणींतील यंत्रे असू शकतात. यास्तव कंपनीचे नाव पाहून न थांबता मॉडेल क्रमांकाची तुलना करावी.

तिसरा मार्ग जुने यंत्र घेण्याचा होय. नीट राखलेले जुने दुटप्पी यंत्र नव्या स्वस्त यंत्रापेक्षा सरस ठरू शकते. ते घेताना इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. नंतर इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची तार काढून गिअरबॉक्समधून होणारी तेलगळती, पेटीचा गंज व ऑगरचा सैलपणा तपासावा.

खरेदीचा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरचा असावा. पहिल्या वादळानंतर साठा संपतो व निवडीला वाव उरत नाही. हिवाळा संपताना काही दुकाने उरलेली यंत्रे कमी किमतीत काढतात.

सुरक्षितता व देखभाल :

स्नोब्लोअरमुळे दर हिवाळ्यात अनेकांची बोटे तुटतात. यांतील बहुतेक अपघात च्यूटमध्ये अडकलेला बर्फ हाताने काढताना घडतात. इंजिन बंद केल्यावरही पट्ट्यातील ताणामुळे अडथळा निघताच इंपेलर झटक्याने फिरू शकतो. म्हणून इंजिन बंद करावे, फिरते भाग थांबेपर्यंत वाट पाहावी आणि यंत्रासोबत मिळणाऱ्या काठीनेच बर्फ काढावा. हात आत घालू नये. गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात पसरतो, हेही लक्षात ठेवावे.

देखभालीच्या दृष्टीने इंधन हा कळीचा मुद्दा आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल महिनोन्महिने टाकीत राहिल्यास कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर साचतो. हिवाळ्याअखेर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे किंवा ताज्या इंधनात स्थिरक मिसळून ठेवावे. दरवर्षी तेल बदलणे व ग्रीस भरणे आणि शिअर पिनांचा एक जादा संच व एक पट्टा घरी ठेवणे एवढ्याने यंत्राचे आयुष्य कितीतरी वाढते.

निष्कर्ष :

१) यंत्राची निवड बर्फाचे प्रमाण, जमिनीचा पृष्ठभाग व वाहनमार्गाच्या तोंडाशी पडणारा बांध यांवरून करावी.
२) टिकाऊपणा हा गिअरबॉक्स, पत्रा, बदलता येणारे भाग व सुट्या भागांची उपलब्धता यांवर अवलंबून असतो.
३) दुरुस्तीची सोय असलेला जवळचा विक्रेता हा दीर्घकाळात बहुधा किफायतशीर ठरतो.
४) वाहनमार्ग लहान असल्यास किंवा यंत्र ठेवण्यास जागा नसल्यास ठेकेदाराकडून बर्फ काढून घेणे हाही योग्य पर्याय आहे.

शेवटी एक बाब विशेषत्वाने नमूद करावीशी वाटते. स्नोब्लोअर श्रम कमी करतो, पण ते नाहीसे करीत नाही. ओल्या बर्फात जड यंत्र वळविण्यासही बळ लागते. हृदयविकार असलेल्या व्यक्तीने आणि हिवाळ्यात मुलांकडे राहावयास आलेल्या वडीलधाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे काम अंगावर घेऊ नये. यंत्र वीस वर्षे टिकावे ही अपेक्षा रास्त आहे. ते चालविणाऱ्याचे हात व हृदय त्याहून अधिक काळ सुरक्षित राहावे, हे या खरेदीचे खरे प्रयोजन होय.